तापमान नेमके कशाचे मोजले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर लेसरचा झोत टाकून जिवंत पेशीच्या आतले तापमान मोजण्याच्या पद्धतीवर आपल्या विज्ञान पुरवणीत लेख आला आहे. हा विषय मराठीत आला याचे समाधान आहे. मात्र ‘पेशीचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत अचूक’ हे शीर्षक वाचून वाचकाचा जो समज होईल, तो या पद्धतीच्या भौतिकशास्त्राला धरून नाही, म्हणून हे पत्र.

पद्धतीचा पाया चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली कोलकात्यात केलेल्या कामात आहे. रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशापैकी अत्यल्प भाग रेणूच्या कंपनाला ऊर्जा देऊन कमी ऊर्जेचा होतो (याला स्टोक्स प्रकाश म्हणतात), आणि त्याहूनही अल्प भाग आधीच कंप पावणाऱ्या रेणूकडून ऊर्जा घेऊन जास्त ऊर्जेचा होतो (हा अँटी-स्टोक्स). आधीच कंप पावणारे रेणू किती आहेत हे तापमानावर ठरत असल्यामुळे या दोन तीव्रतांच्या गुणोत्तरावरून तापमान काढता येते. मुळातला संकेत फार क्षीण असतो. साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना १९७४ साली खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा विलक्षण ठळक वर्णपट मिळाला. पृष्ठभागावरील रेणूंची नुसती वाढलेली संख्या या ठळकपणाला पुरेशी नाही, हे १९७७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, आणि तेव्हापासून धातूच्या नॅनोकणांजवळचा रामन संकेत लक्षावधी पटींनी वाढवता येतो हे सर्वमान्य झाले.

इथवर आपला लेख ठीक आहे. अडचण अचूकतेच्या दाव्यापाशी सुरू होते. सोन्याच्या कणावर चिकटवलेल्या थायोफिनॉलसारख्या रेणूतील बेंझीन कड्याचे सुमारे १००० प्रति सेंटीमीटरचे (हे कंपनाची ऊर्जा सांगण्याचे एकक) कंपन उदाहरणादाखल घेऊ. ३०० केल्विनला अशा कंपनाच्या वरच्या पातळीवर शेकडा एकाहूनही कमी रेणू असतात आणि तापमान एका अंशाने वाढले की हे प्रमाण साधारण १.६ टक्क्यांनी वाढते. म्हणजे अर्धा अंश ओळखायचा तर गुणोत्तर ०.८ टक्क्यापर्यंत खात्रीने मोजता आले पाहिजे. आता ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरला, तर या कंपनाचा स्टोक्स प्रकाश सुमारे ८५२ नॅनोमीटरवर येतो आणि अँटी-स्टोक्स ७२८ वर. वर्णपटमापकाचे जालक (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा भाग) आणि शोधक (प्रकाश मोजणारा भाग) या दोन तरंगलांबींना सारखा प्रतिसाद देत नाहीत. तो फरक प्रमाणित दिव्याने एकदा मोजून घेता येतो. पण धातूच्या कणामुळे होणारी संकेतवाढही दोन्हीकडे सारखी नसते, आणि ती कणाच्या आकारावर, आकारमानावर आणि शेजारच्या कणापासूनच्या अंतरावर ठरत असल्यामुळे प्रत्येक कणाची वेगळी. सरासरी दुरुस्ती लावून अर्ध्या अंशाचा दावा करणे मला तरी धाडसाचे वाटते.

शिवाय अँटी-स्टोक्स प्रकाश केवळ उष्णतेनेच वाढतो असे नाही. रामन प्रक्रियाच इतकी प्रबळ होऊ शकते की तीच रेणूंना वरच्या पातळीवर ढकलते, असे काट्रिन क्नाइप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडले. त्यावर, हा परिणाम अनुस्पंदनातील (प्रकाशाची ऊर्जा रेणूच्या ऊर्जापातळ्यांशी जुळण्यातील) फरकाचा आहे, असा प्रतिवादही झाला. कारण काहीही असो, निरनिराळ्या कंपनांवरून काढलेली तापमाने एकमेकांशी जुळतात का, हे तपासल्याशिवाय वर्णपटातील एकाच रेषेवर विसंबू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र याहून साधी आहे. ज्या कणाने तापमान मोजायचे, तोच कण लेसर शोषून तापतो, आणि संकेत येतो तो त्याच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरांच्या आतल्या रेणूंकडून. पाण्यातल्या एकट्या कणाभोवतीची तापमानवाढ केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. २५ नॅनोमीटर त्रिज्येचा कण भोवतालापेक्षा ४० अंशांनी तापला, तर केंद्रापासून २५० नॅनोमीटरवर वाढ अवघी ४ अंश उरते, आणि पेशी तर त्याहून कितीतरी मोठी. तव्याला चिकटवलेल्या तापमापकावरून स्वयंपाकघर किती तापले आहे हे सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

पेशी स्वतः किती तापू शकते याचाही हिशेब लेखात हवा होता. बाफू आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर मेथड्स’मध्ये दाखवले की पेशीत निर्माण होणारी उष्णता आणि पाण्याची उष्णतावाहकता पाहता पेशीची तापमानवाढ अंशाच्या एक लाखांशाच्या आसपास असायला हवी. उलट २०१८ साली एका फ्रेंच गटाने प्रतिदीप्त रंगद्रव्य वापरून तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातील सूक्ष्म घटक, मायटोकाँड्रिया) ५० अंश सेल्सिअसच्या जवळपास असल्याचे प्रसिद्ध केले. ती मोजणी रामन पद्धतीची नव्हती, पण वाद तोच आहे, आणि त्याचा उल्लेखही न करता ‘पेशीला ताप आला की कळणार’ असे लिहिणे वाचकावर अन्याय करणारे आहे.

पद्धत निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. राइस विद्यापीठात विकसित झालेल्या, सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच असलेल्या नॅनोकणांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाची गाठ जाळण्याच्या उपचाराचे प्राथमिक निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. असे कण तयार करताना कणाचा पृष्ठभाग किती तापतो हाच प्रश्न असतो, आणि तिथे हे साधन चपखल बसते.

यापुढे अशा बातम्यांत लेसरची शक्ती, ज्ञात तापमानावर केलेले प्रमाणीकरण आणि त्रुटीची मर्यादा या तीन गोष्टी दिल्या जाव्यात, आणि शीर्षकात ‘पेशीचे’ ऐवजी ‘कणाच्या पृष्ठभागाचे’ असे लिहावे, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे