मागचे बुश हवेत आवळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर पावसाळ्याआधी गाडी कशी तयार ठेवायची ते आलं होतं. वायपर, टायर, बॅटरी सगळं बरोबर लिहिलंय, पण शेवटी एक ओळ टाकलीय की मागून खडखड येत असेल तर शॉकअप बदलून घ्या. ती वाचून राहवलं नाही. शॉकअपमधून तेल गळत असेल, गाडी खड्ड्यातून निघाल्यावर दोनतीनदा झुलत असेल तर बदला की, पण नुसता आवाज येतोय म्हणून जोडी बदलायची, बिल भरायचं आणि घरी येईपर्यंत पहिल्याच स्पीडब्रेकरला तोच आवाज परत ऐकायचा, हे आमच्या ओळखीत कितीतरी जणांचं झालंय. दोष बहुतेक वेळा रबराचा असतो, म्हणजे बुशचा (सस्पेन्शनच्या दांड्यांच्या सांध्यात बसवलेल्या रबरी गुंड्यांचा), नाहीतर लिंक रॉडचा, म्हणजे वळणात गाडी झुकू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा.

माझ्याकडं स्कोडा लॉरा आरएस आहे. २०११ ला आपल्याकडं आली, १.८ टीएसआय, १६० पीएस (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप). परदेशात हीच आरएस २.० लिटर आणि २०० पीएसची होती, आपल्याला ते इंजिन मिळालं नाही, असो. पण मागचं सस्पेन्शन मात्र मल्टीलिंक. एका चाकाला चार दांडे, एक लांब ट्रेलिंग आर्म, एक वरचा आडवा, एक खालचा ज्याच्यावर स्प्रिंग बसते तो, आणि एक टाय रॉड, आणि जवळजवळ प्रत्येक टोकाला रबर. हीच मजा आणि हीच डोकेदुखी. २०१६ ची पोलो जीटीआय १९२ पीएसची, पण तिला मागं साधा बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, दोन मोठे बुश बदलले की निम्मं काम झालं. लॉराला, आणि नंतरच्या ऑक्टाव्हिया आरएसला, तसं चालत नाही. एक बुश सैल झाला की चाकाचा कोन बदलतो आणि इतर तिघं त्याच्यामागं फरफटतात.

आता या गाड्या दहा-बारा वर्षांच्या पुढं गेल्यात, सेकंडहँडमध्ये परवडतात म्हणून पोरं घेतात आणि घेतल्या घेतल्या काय करतात तर रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं. मग एक्झॉस्ट. मग काळ्या रिमा. खाली मूळ कंपनीचे बुश तसेच, चिरा पडलेले. रबर गाडी उभी राहिली तरी म्हातारं होतं, किलोमीटर कमी आहेत म्हणून खूश व्हायचं कारण नाही. आणि आमच्याकडं सातारा-कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जनं, तिथून रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

ओळखायचं कसं? मागच्या टायरवर आतल्या कडेला तळहात फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे वरून बघितलं तर चाक सरळ नाही, आत किंवा बाहेर वळलंय. दुसरं, हायवेला शंभरला लेन बदलताना पुढचा भाग वळून झाल्यावर मागचा भाग क्षणभरानं स्वतःच्या मर्जीनं येतो, किंवा गगनबावड्याच्या उतारावर वळणात ब्रेक मारला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं. आणि लिंक रॉड बघताना दोन्ही मागची चाकं एकसारखी ठेवा, दोन्ही जमिनीवर नाहीतर दोन्ही लोंबती. एकच चाक उचललं तर स्टॅबिलायझर बार ताणलेला राहतो आणि सैल लिंकसुद्धा हाताला घट्ट लागते.

आता मुद्द्याचं. हे काम घरी होतं आणि माझं मत असंय की नीट केलं तर पुष्कळ गॅरेजपेक्षा चांगलं होतं. कारण एकच. रबरी बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये जखडते, ती फिरत नाही. चाक वरखाली होतं तेव्हा रबर पिळतं आणि परत येतं, एवढंच त्याचं काम. गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत, पोरगं इम्पॅक्ट गन घेऊन येतं आणि टर्र करून सगळे बोल्ट तिथंच टाईट. गाडी खाली उतरली की आर्म वर येतात आणि नवीन रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेतच बसतं, गाडी उभी असतानासुद्धा. मग वर्षभरात फाटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. इथल्या एका गॅरेजात मी हे डोळ्यांनी बघितलंय, नाव घेत नाही, सांगितल्यावर उत्तर मिळालं की साहेब आम्ही वीस वर्षं असंच करतोय.

बरोबर पद्धत कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच आहे आणि तिला फक्त मोजायची टेप लागते. गाडी सपाट जमिनीवर असताना, जॅक लावायच्या आधी, चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि मास्किंग टेपवर लिहून तिथंच चिकटवायचं, डावं वेगळं उजवं वेगळं. सगळे नवीन पार्ट बसवून बोल्ट नुसते हातानं लावायचे. मग खालच्या आर्मखाली जॅक घेऊन चाकाचा हब हळूहळू वर उचलायचा, ते लिहिलेलं अंतर येईपर्यंत, आणि त्या जागी टॉर्क रेंचनं (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं) शेवटचं आवळायचं. हे करताना घोडीवरून, म्हणजे जॅक स्टँडवरून, गाडी उचलली जात नाही ना तिकडं एक डोळा पाहिजेच, मागून गाडी हलकी असते. डिकीत सिमेंटची दोन पोती टाकली की बरं पडतं.

जॅक स्टँड घ्याच, गाडीबरोबर येणाऱ्या कात्री जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नये, विटा आणि लाकडाचे ठोकळे तर बोलूच नका. हँडब्रेक सोडावा लागतो कारण त्याची केबल ट्रेलिंग आर्मला क्लिपनं धरलेली असते, म्हणून गाडी गिअरमध्ये आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून अडकण. काढलेलं चाक साइड सिलखाली (दाराखालच्या बॉडीच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवा. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाईप ताणू नका, कॅलिपर तारेनं वर बांधा, लोंबकळत सोडू नका. आणि घरात दुसरं माणूस जागं असू द्या, रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर हा उद्योग नको. स्प्रिंगमध्ये जोर साठलेला असतो, खालचा आर्म सोडताना जॅक त्याच्याखाली पाहिजेच आणि समोर तोंड नेऊन बघत बसायचं नाही. ज्याला स्प्रिंगची भीती वाटते त्यानं तेवढं काम बाहेरून करून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

एक काम मात्र घरी हातोड्यानं करू नये, ते म्हणजे ट्रेलिंग आर्मचा मोठा बुश काढणं. तो आर्म पत्र्याचा, चपटा, पात्यासारखा असतो, आडवा थोडा लवावा म्हणूनच तसा बनवलाय, त्याला ठोकलं की वाकणार. आम्हा कोल्हापूरकरांना उद्यमनगर, म्हणजे वर्कशॉपांची वसाहत, आहे, हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडं न्या, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त जुना बुश कुठल्या कोनात बसलाय त्याची रंगानं खूण करून न्या, कारण त्याच्या रबरात पोकळ्या ठरावीक दिशेला असतात आणि प्रेसवाल्याला ते माहीत असायचं कारण नाही. ब्रॅकेट बॉडीला जिथं बसतो तिथंही सोडण्याआधी खूण करा. टॉर्क दिल्यावर आणखी ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट एकदा काढले की फेकायचे, नवीन घ्यायचे, ते एकदा ताणले की संपले. बोल्टचा खर्च बघून जीव खालीवर होतो खरा पण तिथं काटकसर नको. चाकाचे बोल्ट तेवढे जुने चालतात, १२० न्यूटन मीटर, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत एकदा तपासायचे.

पॉलीयुरेथेनचे बुश घालू का असं पोरं विचारतात. ट्रॅकवर जाणार असाल तर घाला. रोजच्या गाडीला ट्रेलिंग आर्मचा बुश तरी रबरीच राहू द्या, त्याला सगळ्या दिशांना थोडं लवावं लागतं, तिथं कडक माल घातला की आर्म अडकल्यासारखा चालतो आणि रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला सांगतो.

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. या गाड्यांना मागं कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) आणि टो दोन्ही ॲडजस्ट होतात, आर्मच्या आतल्या टोकाला चकतीवाले एक्सेंट्रिक बोल्ट असतात. पण दुकानात विचारलं की "मागचं सेटिंग नसतं सर". असतं, पण बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो, फिरत नाही, रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीला तर हमखास. मग मागची दोन्ही चाकं जरा एका बाजूला बघत असतात, गाडी तिरकी पळते, स्टिअरिंग वाकडं येतं आणि दुकानदार पुढचे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो. स्टिअरिंग सरळ, गाडी अजून तिरकीच, टायर खातीच आहे, आणि पैसे घेतलेत ते वेगळेच. म्हणून घरी काम काढलंच आहे तर एक्सेंट्रिक बोल्ट नवीनच टाका, अँटीसीझ (बोल्ट गंजून अडकू न देणारं ग्रीस) फक्त मधल्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नको, नाहीतर टॉर्क चुकतो. जुन्या बोल्टची जागा खूण करून ठेवली असेल तर गाडी निदान दुकानापर्यंत सरळ जाते. झेनॉन लाइटवाल्यांनी मागच्या आर्मला जोडलेला लेव्हल सेन्सर विसरू नये, तो हलला की लाइट एकतर झाडावर नाहीतर बॉनेटसमोर.

तुमच्या पानावर नवीन गाडीच्या सनरूफचं आणि स्क्रीनच्या इंचांचं कौतुक दर आठवड्याला असतंच, एका आठवड्याची जागा त्यातून काढा आणि अलाइनमेंटची प्रिंट कशी वाचायची ते फोटोसकट छापा, मागच्या चाकांच्या आकड्यांना गोल करून. म्हणजे निदान गिऱ्हाईक दुकानात उभं राहून विचारू तरी शकेल की मागचं लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, का दाखवतंय.

आपला,
एक लॉरावाला, कोल्हापूर