लोह किती, यापेक्षा लोह कुठे: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही लावलेली एक सवय जीवरसायन शिकणाऱ्या प्रत्येकाला लागावी असं मला मनापासून वाटतं. पेशीतल्या धातूचा विषय निघाला की तुम्ही विचारायचात, “मोकळा आहे की बांधलेला?”

या एका प्रश्नाने मला फेरिटिन, म्हणजे पेशीत लोह साठवणारं प्रथिन, उलगडलं. मोकळं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय आक्रमक रेणू तयार होतो आणि तो डीएनए, प्रथिनं, पेशीपटल कशालाच सोडत नाही. तेच लोह फेरिटिनच्या 24 उपघटकांच्या पोकळ गोलात फेरिक (ऑक्सिडीकृत) रूपात साठलं की निरुपद्रवी होतं. एका गोलात जवळपास 4,500 अणूसुद्धा मावतात. शिवाय गरज पडली की पेशीला ते परतही मिळतं.

पण माझं खरं प्रेम जडलं ते मेटॅलोथायोनिनवर, आणि तेही तुमच्यामुळेच. मार्गोशेस आणि व्हॅली यांनी 1957 साली घोड्याच्या मूत्रपिंडात शोधलेलं हे इवलंसं प्रथिन. साधारण साठ अमिनो आम्लं, त्यांतली तब्बल 20 सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली! त्यांच्या गंधकाला जस्ताचे सात अणू धरून ठेवता येतात. ऑक्सिडीकारक ताण, म्हणजे अशा आक्रमक रेणूंचा मारा, आला की हेच गंधक स्वतः ऑक्सिडीकृत होतं, जस्त सुटतं, ते एमटीएफ-1 या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला जाणवतं आणि मेटॅलोथायोनिनची जनुकं आणखी जोरात चालू होतात. म्हणजे ताण झेलणारा आणि ताणाची वर्दी देणारा रेणू एकच. फळ्यावर हे चक्र पूर्ण करून तुम्ही खडू खाली ठेवलात, तेव्हा वर्गात कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

त्याची दुसरी बाजूही तुम्ही टाळली नाहीत, याबद्दल विशेष आभार. कॅडमियम या विषारी धातूला हेच प्रथिन घट्ट धरतं, पेशी वाचते. पण तो धातू मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचत राहतो. संरक्षणाची किंमत शरीराला कुठे मोजावी लागते, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. तुम्ही त्यासाठी अख्खा तास दिलात.

माझ्या प्रबंधाचा विषय त्याच तासातून आला. दुसरं प्रकरण वेगळं पाठवते आहे. वेळ होईल तेव्हा पाहा, आणि जिथे मी ‘मोकळा की बांधलेला’ हे स्पष्ट केलेलं नसेल तिथे नेहमीसारखी पेन्सिलीने खूण करा.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी