दोन शिक्षक, एक वर्ग

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

शाश्वत विकासाचे नवे अभ्यासक्रम, नवी केंद्रे, नव्या पदव्या यांच्याविषयी आपल्या अंकात अलीकडे बरेच छापून येते. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द त्यातल्या प्रत्येक बातमीत असतो. दोन वेगळ्या विषयांचे शिक्षक एकाच वेळी एकाच वर्गात खरोखर उभे राहतात का, हे मात्र कोणी विचारलेले माझ्या वाचनात आले नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ रसायनशास्त्र शिकवले. शेवटची सहा वर्षे समाजशास्त्राच्या एका सहकाऱ्याबरोबर 'पाणी' हा सामाईक अभ्यासक्रम चालवला. माझे म्हणणे त्या सहा वर्षांतून आलेले आहे.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला आम्ही विंकलरची पद्धत वापरत असू. काचेच्या बुचाची बाटली एकही बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि जागेवरच तीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, नसेल तर तो पांढराच राहतो. आमचे विद्यार्थी एका तळ्याचे पाणी दोन वर्षे असे तपासत होते. बस सकाळच्या तासिका संपल्यावर निघायची, त्यामुळे नमुने नेहमी दुपारी बाराच्या सुमारास घेतले जात. साका दर वेळी दाट तपकिरी. ऑक्सिजनच्या दृष्टीने तळे उत्तम, असा अहवाल आम्ही दोन्ही वर्षे लिहिला.

त्याच तळ्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांशी समाजशास्त्राचे विद्यार्थी बोलत होते. मासे मरत असल्याचे त्यांच्या अहवालात होते. दोन्ही अहवाल एकाच इमारतीत, दोन मजल्यांवरच्या दोन कपाटांत पडून होते.

सामाईक वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने आपल्या वहीतून एका म्हातारीचे बोलणे वाचून दाखवले: "मासं पहाटे वर येऊन तोंड वासतात. तुम्ही येता तवा सगळं निवांत असतं." मी जागच्या जागी थांबले. पाण्यातले शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तेही इतर जिवांसारखे ऑक्सिजन वापरतच राहते, म्हणून सूर्य उगवण्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. हे मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. आपण नमुना कोणत्या वेळी घेतो आहोत, हे मात्र मला कोणी विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही पहाटे पाचला तळ्यावर गेलो. बॅटरीच्या उजेडात बाटलीत साका धरला, तो जवळजवळ पांढरा होता.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कोणीतरी रात्री तळ्यात विष सोडते, याची त्या कुटुंबांना खात्री होती आणि समाजशास्त्राच्या अहवालात ते तसेच उतरले होते. पहाटेच्या बाटल्यांनंतर माझ्या सहकाऱ्यांनी वर्गासमोर सांगितले, की लोकांनी पाहिले ते खरे होते, त्यांनी लावलेले कारण मात्र तपासायला हवे होते. मासे गुदमरायला पाण्यातला ऑक्सिजन संपणे पुरेसे होते. शेवाळ वाढले ते सांडपाण्यातून आणि खतांतून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. मग सांडपाणी कोणाचे, ते रोखायचा अधिकार कोणाचा, खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न आले, तेव्हा कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांना आम्ही स्वतः जाऊन बोलावून आणले. दोन शिक्षक एकमेकांसमोर आपापली चूक दुरुस्त करताना विद्यार्थ्यांनी पाहिले. त्या एका तासात ते जे शिकले, ते शिकवायला मला एकटीला पूर्ण सत्र अपुरे पडले असते.

याहून फार मोठे उदाहरण बांगलादेशातल्या कूपनलिकांचे आहे. तळ्या-नद्यांच्या पाण्याने होणारे अतिसार आणि पटकी टाळण्यासाठी तिथे १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंच्या दृष्टीने ते पाणी सुरक्षित होते, पण जमिनीखालच्या थरांतून त्यात उतरलेले विषारी आर्सेनिक तेव्हा कोणी तपासले नाही. १९९०च्या दशकात त्वचेवरच्या डागांनी आणि गाठींनी माणसे दवाखान्यांत येऊ लागली, तेव्हा प्रश्नाचा आवाका कळला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशची ५०, आणि कितीतरी नलिकांचे पाणी या दोन्हींच्या पलीकडचे होते.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या भूवैज्ञानिकांनी, सार्वजनिक आरोग्याच्या आणि समाजशास्त्रांच्या अभ्यासकांनी २००० पासून बांगलादेशातल्या आराइहाजार भागात स्थानिक सहकाऱ्यांबरोबर काम केले. जमिनीखालचे थर इतके वेगवेगळे, की एक नलिका विषारी आणि काही मीटरवरची दुसरी सुरक्षित, असे तिथे सर्रास आढळते. ही भूगर्भातली गोष्ट, पण मार्ग त्यातूनच दिसला: शेजारच्या नलिकेवर जा. विषारी नलिका लाल आणि सुरक्षित नलिका हिरव्या रंगवण्याची मोहीम देशभर झाली. मात्र रोज हंडा घेऊन दुसऱ्याच्या अंगणात कोण जाईल, किती लांब जाईल, तो शेजारी किती दिवस येऊ देईल, याचे उत्तर कोणत्याही भूवैज्ञानिक नकाशात नसते. सुरक्षित नलिका जवळ असेल तर लोक बदल करतात, अंतर वाढले की जुन्याच नलिकेकडे वळतात. ज्या पिढीने जंतू पाहिले आणि खडक पाहिला नाही, तिच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्या चर्चेत खडक ओळखणारा माणूस बसला असता, तर किती जणांचे आयुष्य वेगळे असते, हा विचार मात्र मला सोडत नाही.

मग अडते कुठे? आमचे अडले कार्यभाराच्या तक्त्यात. दोघांनी मिळून घेतलेली तासिका प्रत्येकाच्या नावावर अर्धीच धरली जाई. तिसऱ्या वर्षी लेखी सूचना आली, की दोघांनी आलटून-पालटून यावे. आम्ही नावापुरते तसे केले आणि एकमेकांच्या तासाला स्वतःहून बसत राहिलो. मी निवृत्त झाल्यावर अभ्यासक्रमाचे दोन भाग झाले, 'रासायनिक पैलू' आणि 'सामाजिक पैलू', शिक्षक वेगळे आणि प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. नाव अजून आंतरविद्याशाखीयच आहे. दोन्ही भागांत उत्तीर्ण होऊनही विद्यार्थ्याला त्या म्हातारीचे वाक्य आणि तो पांढरा साका एकत्र कधीच भेटणार नाहीत.

संशोधनात याची किंमत तरुणांना मोजावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात पाण्याच्या चाचण्याही होत्या आणि मुलाखतीही. रसायनशास्त्राच्या परीक्षकांनी मुलाखती परिशिष्टात टाकायला सांगितल्या, तर दुसऱ्या परीक्षकांना चाचण्यांची प्रकरणे अनावश्यक वाटली. दोघेही आपल्या विषयातले जाणते होते आणि दोघांनीही मन लावून वाचले होते. असा प्रबंध एकत्र बसून तपासायची सोयच नियमांत नव्हती. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर तिला विचारले गेले, "तुमचा मूळ विषय नक्की कोणता?"

तिचा मूळ विषय रसायनशास्त्र आहे आणि तो तिला उत्तम येतो. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिल्या वर्षापासून सगळ्यातले थोडे थोडे शिकवणाऱ्या पदव्यांबद्दल मला खरीच काळजी वाटते. पहाटेची बाटली नीट बंद करता आली नाही, तर म्हातारीचे बोलणे पडताळता येत नाही. एका विषयात पाय रोवलेला विद्यार्थी दुसऱ्याचे ऐकायला शिकला पाहिजे, आणि हे जमते. जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या लॉयफाना विद्यापीठात पदवीचे पहिले सत्र सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी सामाईक असते, त्यात शाश्वततेचे प्रश्न असतात, आणि त्यापुढे प्रत्येकजण आपापल्या मुख्य विषयाकडे जातो. नवा विभाग, नवी पाटी, नवी इमारत यांच्याआधी वेळापत्रकात अशी जागा करणे मला जास्त निकडीचे वाटते. नव्या विभागालाही चार भिंती असतातच.

म्हणून आपल्याला एक विनंती. यापुढे एखाद्या विद्यापीठाच्या अशा अभ्यासक्रमाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी तिथल्या कुलसचिवांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: किती तासिकांना दोन विषयांचे शिक्षक एकत्र वर्गात असतात, आणि त्या तासिका दोघांच्याही कार्यभारात पूर्ण धरल्या जातात का. मिळालेली उत्तरे बातमीत छापावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका