विषय: तुमच्या अपडेटनंतर सातपैकी सहा मशीनवर टर्मिनल बंद, आणि 'घरात कोणी जेंट्स आहेत का'

प्रति,
मॅनेजर, कस्टमर सपोर्ट

चौथा फोन आत्ताच ठेवला, पाचवा करणार नाही म्हणून लिहितेय. तुमचं टर्मिनल सॉफ्टवेअर काय काम करतं हे तुम्हाला सांगायला लागू नये (तुमच्या सपोर्टच्या पोराला सांगावं लागलं, ते पुढे येतंच). आमची सांगलीत औषधांची होलसेल एजन्सी आहे, सर्व्हर इथे, मिरज आणि तासगावचे काउंटर एसएसएचने (दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) त्याच्यावर येतात, काळ्या स्क्रीनवर बिलिंग, माऊसला कोणी हात लावत नाही. सात लायसन्स, दरवर्षी वेळेवर पैसे.

शनिवारी रात्री तुमचं अपडेट आपोआप बसलं. सोमवारी सकाळी साडेनऊला तिन्ही ठिकाणी एकच मेसेज, 'कनेक्शन फेल्ड'. बास. का फेल्ड ते काही नाही. पिंग जातोय, एसएसएचचा पोर्ट २२ उघडा आहे, माझ्या घरच्या लॅपटॉपवर जुनं व्हर्जन राहिलं होतं त्यावरून झटक्यात लॉगिन होतंय, म्हणजे सर्व्हरही जिवंत आणि नेटही जिवंत. पहिला फोन: राउटर बंद-चालू करा. केला. दुसरा फोन: ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा. अहो, तुमच्या सॉफ्टवेअरला ब्राउझर कुठे असतो, मला पण दाखवा.

शेवटी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी लॉगची फाइल सापडली, तिथे स्वच्छ लिहिलेलं, 'नो मॅचिंग होस्ट की टाइप', सर्व्हर स्वतःची ओळख पटवायला ज्या की देतो त्यातली एकही चालत नाही, सर्व्हरकडून ऑफर एसएसएच-आरएसए आणि एसएसएच-डीएसएस. म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये तुम्ही जुन्या की बंद केल्यात. बंद केल्याबद्दल भांडण नाहीये माझं, त्यांच्या सहीमागचं एसएचए-१ हे जुनं गणित आता कच्चं धरतात हे मला माहितीये, ओपनएसएसएच या फुकटच्या एसएसएच सॉफ्टवेअरनेपण २०२१ मध्ये ८.८ व्हर्जनला ते बाय डिफॉल्ट बंद केलं. आमचा सर्व्हर सेंटओएस ६ या जुन्या लिनक्सवर, त्याचा सपोर्ट २०२० लाच संपला, तो बदलायचाय, ती चूक आमची. पण बंद करताना एक ओळ सांगायची की नाही? आणि कारण तुमच्याच लॉगमध्ये आहे तर स्क्रीनवर दाखवायला काय जातं?

आता तिसरा फोन, मंगळवारचा. मी म्हटलं, लॉगमध्ये होस्ट कीची एरर आहे, एसएसएच-आरएसए फक्त या एका सेशनपुरतं चालू कुठून करायचं तेवढं सांगा. तो म्हणाला, "मॅडम, राउटर रीस्टार्ट केला का?" मी म्हटलं केला, दोनदा केला, राउटरचा संबंधच नाही, टीसीपी कनेक्शन लागतंय, त्याच्यानंतर तुटतंय. जरा वेळ शांत. मग, "मॅडम, तुमच्याकडे कोणी टेक्निकल आहे का?" मी म्हटलं मीच आहे. तर म्हणतो, "नाही म्हणजे घरात कोणी जेंट्स आहेत का, मिस्टर वगैरे, त्यांना द्या फोन, मी त्यांना समजावतो."

मिस्टर शेजारीच चहा पीत बसले होते. मी दिला फोन, म्हटलं घ्या, समजून घ्या. ते म्हणाले, "अहो, मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तरी हिलाच विचारावं लागतं." त्यावर तुमचा माणूस काय म्हणाला माहितीये? "ठीक आहे सर, मग एकदा राउटर रीस्टार्ट करून बघा." आणि ठेवला. सर! १९९८ ला आमच्याकडे सर्व्हरवर एससीओ युनिक्स ही सिस्टिम होती, डंब टर्मिनलच्या (नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड) सिरियल केबली मी स्वतः माळ्यावरून ओढल्यात, तेव्हा हे पोरगं पाळण्यात तरी होतं का देव जाणे. जेंट्स पाहिजेत म्हणे.

ऑप्शन मीच शोधला, लॉगिन झालं. तर पुढची मजा. सेव्ह केलेली सगळी सेशन सेटिंग तुमच्या अपडेटने पुसलेली. कॅरेक्टर सेट (अक्षरं-रेघा स्क्रीनवर कशा दाखवायच्या त्याचा तक्ता) जुन्या सीपी ४३७ वरून यूटीएफ-८ झालेला, त्यामुळे बिलाच्या चौकटीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ते एकवेळ चालेल. पण फंक्शन कीची एससीओवाली सेटिंगपण काढून टाकली. आमचा प्रोग्राम तेव्हाचाच, त्याला एफ १० म्हणजे बिल सेव्ह, आता एफ १० दाबलं की एस्केप आणि मागून कंस, २१ असं काहीतरी जातं, क्वांटिटीच्या खान्यात फक्त आकडे बसतात, म्हणून २१ तेवढं उमटतं. पॅरासिटामॉलच्या १० स्ट्रिप मागितलेल्या माणसाला मिरजेच्या पोराने २१ चं बिल दिलं. आमचं नशीब की ते पॅरासिटामॉल होतं.

आणि कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत ठेवायला ठराविक सेकंदांनी जाणारा सिग्नल) शून्य केलंत. काउंटरवरचा पोरगा रॅकवर माल काढायला गेला, परत येतो तर स्क्रीन गोठलेली, कारण मधल्या राउटरने गप्प बसलेलं कनेक्शन सोडून दिलं. सर्व्हरला वाटतं तो अजून बसलाय, रेकॉर्ड लॉक राहतं, दुसऱ्या काउंटरला तो आयटमच उघडत नाही. पूर्वी ६० सेकंद होतं, चार वर्षं एकदा पण असं झालं नाही. अपडेटने पुसलं. न विचारता. हे मी चौथ्यांदा सांगतेय.

आजच्या फोनवर कळलं की तिकीट क्लोज झालंय. कारण: 'कस्टमरचं इंटरनेट स्लो.' वा.

मला पाहिजे ते असं. जुनी सेशन फाइल परत कशी आणायची ते लेखी द्या. अपडेट आपोआप बसणं आमच्या लायसन्सवर बंद करा. तिकीट उघडा आणि खरं कारण लिहा. शुक्रवारपर्यंत नाही झालं तर मार्चचं रिन्यूअल विसरा, पुटी नावाचं असंच टर्मिनल सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट मिळतं आणि ते माझी सेटिंग पुसत नाही. मी इतकी वर्षं पैसे देत होते ते सपोर्ट मिळतो म्हणून, दुसरं कारणच नव्हतं.

उत्तर मला द्या. मिस्टरांना नको.

ता. क. तासगावच्या दोन मशीनची एफ १० ची सेटिंग अजून व्हायचीय, तिथून आत्ता फोन आला, इन्सुलिनच्या ४ व्हायल मागितल्या होत्या, बिल २१ चं.