येरवड्याची पोस्टकार्डं

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, त्याचं वाईट वाटतंय. टीव्हीवर मोर्चा दिसला आणि आई, तू म्हणालीस, "उचलून आत टाकायला हवं सगळ्यांना." बाबा तुझ्यावर चिडले. मी इथल्या, लाइपझिगच्या, पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध निघालेल्या १९८९ च्या मोर्चांचं नाव काढलं, तर बाबा म्हणाले, "ते वेगळं. त्यामागे पश्चिमेचा पैसा होता." तुम्हा दोघांच्या बोलण्यात मला काही फरक दिसेना. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय.

काल मी इथल्या श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, जुन्या कचेरीत गेले होते. आता तिथे संग्रहालय आहे. एका कपाटात काचेच्या बरण्या आहेत, आपल्या लोणच्याच्या असतात तशा घट्ट झाकणाच्या. आत पिवळं फडकं. चौकशीला आणलेल्या माणसाच्या खुर्चीवर हे फडकं ठेवायचे, त्याचा वास बरणीत साठवायचा. पुढे कुठे सरकारविरोधी पत्रक सापडलं की कुत्र्याला तो वास द्यायचा. बाबा, ज्याला तुम्ही जन्मभर कामगारांचं राज्य म्हणालात, ते माणसांच्या अंगाचा वास बरण्यांत भरून ठेवत होतं. मला तिथून पटकन हलताच येईना.

निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी प्रार्थना असे. १९८९ च्या सप्टेंबरपासून ती संपली की लोक रस्त्यावर उतरू लागले. सरकार त्यांना 'रावडी' म्हणायचं, अगदी हाच शब्द. ९ ऑक्टोबरला गोळीबार होणार, अशी गावात भीती होती. दवाखान्यांनी जादा रक्त साठवून ठेवलं होतं. तरी सुमारे ७०,००० लोक आले. "जनता म्हणजे आम्ही," ही त्यांची घोषणा. त्या दिवशी गोळी सुटली नाही. बाबा, एवढी माणसं कुणाचे पैसे घेऊन मरायला येतील का?

आई, याच गावात मेंडेलसोन या संगीतकाराचा पुतळा होता. जन्माने ज्यू, म्हणून १९३६ मध्ये नाझींनी तो हटवला. तेव्हाचे महापौर गोर्डेलर डावे मुळीच नव्हते. जुन्या वळणाचे, राष्ट्रवादी, तुझ्या माहेरच्या बैठकीत सहज रमले असते असे. पुतळा परत बसवा, असा त्यांनी आग्रह धरला. कुणी ऐकेना, तेव्हा पद सोडलं. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सापडले आणि १९४५ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला.

माझीही परीक्षा झालीय. २०१५ च्या जानेवारीत इथे स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघू लागले. घोषणा तीच, "जनता म्हणजे आम्ही," आणि त्या 'आम्ही'त मी नव्हते. फार घाबरले होते. मैत्रिणींबरोबर विरोधी मोर्च्यात गेले, घसा बसेपर्यंत ओरडले. पण त्यांना रस्त्यावर येऊच देऊ नका, असं मी म्हणाले नाही. म्हणावंसं मात्र वाटलं होतं, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

आई, आणीबाणीत आजोबा मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. कोर्टात दाद मागायची सोय उरली नव्हती. तेव्हाही शेजारीपाजारी म्हणत, आत टाकलं तेच बरं झालं, गाड्या वेळेवर धावतायत. हे तूच मला सांगितलंयस, सांगताना तुझा आवाज कापायचा. टीव्हीवरच्या त्या पोरांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल गं. आणि बाबा, तुमचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष तेव्हा आणीबाणीच्या बाजूने होता. जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत होता. महागाईच्या मोर्च्यात स्वतः लाठ्या खाल्लेले तुम्ही तेव्हा गप्प राहिलात.

मोर्चा कुणाविरुद्ध निघालाय ते बघून तो खरा की विकतचा हे ठरवू नका, एवढंच माझं मागणं आहे. मागण्या पटल्या नाहीत तर कडाडून भांडा. मी तुमच्याकडूनच भांडायला शिकले.

डिसेंबरच्या २० तारखेला पोचतेय. आई, आजोबांची तुरुंगातून आलेली पोस्टकार्डं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत ना? काढून ठेव, वाळवीचं औषध मारायला हवं. आणि बाबा, लग्नाची बोलणी करायला तुम्ही आजोबांसमोर पहिल्यांदा बसलात, ते येरवड्याहून सुटून दोनच वर्षं झाली होती. त्या दिवशी आणीबाणीचा विषय निघाला होता का? तुम्ही काय म्हणालात? हे मी कधी विचारलंच नाही.

तब्येतीला जपा. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका.

तुमची,
मनू