जुनी स्कूटर भंगारात देण्याआधी

महोदय,

दसरा जवळ आला की इमारतींच्या आवारात पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या चेतक, सुपर, एलएमएल बाहेर निघतात. धुऊन-पुसून झेंडूचा हार घालायची तयारी होते आणि गाडी काही सुरू होत नाही. मग कोणी ‘बोअर गेला’, म्हणजे सिलिंडर आतून झिजला, असे म्हणते, कोणी भंगारवाल्याचा नंबर देते. चार महिने नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचा बोअर जाईल कसा? खराब झालेले असते ते बहुतेक वेळा पेट्रोल.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेते आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा! ते पाणी टाकीच्या तळाशी बसते, टाकी आतून गंजते. चेतक बाजारात आली 1972 साली. तिचे रबरी पाइप आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. ते फुगतात, नरम पडतात, नंतर चिरतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल तर उडूनच जाते, त्यात मिसळलेले टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) मागे राहते आणि चिकट होऊन जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या पितळी नळीच्या, भोकात बसते.

म्हणून इंजिन उघडू देण्याआधी तीन गोष्टी घरीच पाहाव्यात. पहिली, किक हाताने हळू दाबा. मध्येच ती घट्ट अडली आणि जोर लावल्यावरच पुढे गेली, तर पिस्टन-रिंगा अजून दम धरून आहेत. बोअरचा विषय तिथेच संपला. दुसरी, ठिणगी. पेट्रोल कॉक बंद करा, 21च्या पान्याने प्लग काढा, तो वायरच्या टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, टच्च आवाजाची हवी. प्लगच्या भोकावर कापड धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत टोपी मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नये, सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो. प्लगची फट 0.6 मिमी ठेवावी. जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्कबिंदू असलेल्या) गाडीत ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसली, तर पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. गाडी तापल्यावर मिसिंग मारत (मध्येच ठिणगी चुकून धक्के देत) असेल तर संशय पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर घ्या.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि खरे काम इथेच असते. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा, तेही मोकळ्या आवारात. चाळीच्या गॅलरीत, शेगडी किंवा देवघरातल्या दिव्याजवळ मुळीच नाही. मग इंजिनाकडचे झाकण काढून कार्ब्युरेटरचा डबा उघडा. हवेची जाळी दोन स्क्रूंवर असते. तिच्याखाली मेन जेट आणि स्लो जेट वरूनच पेचकसाने निघतात, कार्ब्युरेटर खाली उतरवावा लागत नाही. स्लो जेट उजेडासमोर धरून पाहा: केसाएवढ्या भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अर्धा किंवा धूसर असेल तर जेट रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवा आणि हवा मारा. तार किंवा टाचणी घालू नका. जेट पितळी असते, भोक जरा मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. पेट्रोलचा पाइप आणि फ्लोटची सुई (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी) या वेळी नव्याच घालाव्यात.

रोज सकाळी स्कूटर तिरकी करून किक मारायची सवय आपल्याकडे घराघरात होती. तिरकी केल्याने क्षणभर जादा पेट्रोल आत जाते, म्हणून गाडी उठते. पण रोजच तिरकी करावी लागत असेल, तर चोकची केबल ढिली आहे किंवा स्लो जेट तुंबलेला आहे. तेवढे दुरुस्त केले की गाडी सरळ उभी असताना सुरू होते.

ऑइलबद्दल मोठा गैरसमज आहे. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलचे प्रमाण लिटरला 20 मिली, म्हणजे 3 लिटरला 60. ‘इंजिनाला बरे’ म्हणून लोक हात सैल सोडतात. ऑइल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढे कमी जाते, मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन उलट जास्त तापते. शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साठते, मलबार हिलच्या चढावर गाडी दम टाकते आणि पीयूसीला अडकते.

प्लगचा रंग पाहायची सवय लावून घ्यावी. कॉफीसारखा तपकिरी उत्तम. काळा-ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरा पडला आणि गाडी आपोआप रेस होत असेल, तर मॅग्नेटोकडचे (वीज तयार करणाऱ्या चाकाकडचे) ऑइल सील गेले असण्याची शक्यता मोठी. तशीच चालवली तर पिस्टन जाम होतो. गिअर ऑइल कमी होतेय आणि पांढरा धूर थांबत नाही, तर क्लचकडचे सील. ही दोन्ही कामे मात्र जाणत्या मेकॅनिकचीच, तिथे पैसे वाचवू नयेत.

गिअर ऑइल सुमारे 250 मिली, एसएई 30. जुने काढायचे ते इंजिन कोमट असताना, आणि डब्यात भरून गॅरेजला द्यायचे, गटारात ओतायचे नाही. पायाखालच्या रबरी पट्ट्या वर्षातून एकदा उचला; खारी हवा आणि पावसाचे पाणी तिथेच मुरते, पत्रा खालून सडतो. घासून रेड ऑक्साइड मारला की पुष्कळ वर्षे टिकतो.

एक काळजी सगळ्यांनी घ्यावी. चेतकच्या दहा इंची रिमचे दोन भाग नटांनी जोडलेले असतात. चाक ड्रमवरून सोडवायचे नट वेगळे, हे भाग जोडणारे वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना जोडणीचे नट ढिले केले तर रिम फाकून अंगावर उडते. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, टायर हाताने दाबून पूर्ण बसलाय याची खात्री करा, मगच पाना लावा.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई