चढायला सगळे शिकवतात, उतरायला कोण शिकवणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्याकडच्या पेपरात दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला कुठल्यातरी गडावर नाहीतर धबधब्यावर कुणीतरी अडकलं किंवा पडलं, आणि दुसरी चार दिवसांनी, तिथे जायला बंदी. मधल्या चार दिवसांत 'अतिउत्साही तरुणाई' आणि 'सेल्फीचा नाद' लिहून झालेलं असतं. सेल्फीवाल्यांची बाजू मला घ्यायची नाहीये, पण डोंगरात ज्यांचं आयुष्य गेलं त्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल की घोटाळा बहुतेक वेळा उतरताना होतो. पाय थकलेले, पाणी संपलेलं, ऊन उतरलेलं आणि डोकं आधीच घरी पोचलेलं. आणि नेमकं उतरायचं कसं हेच कुणी शिकवत नाही.

त्र्यंबकजवळच्या हरिहर गडाचंच घ्या. कातळात खोदलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, आणि हाताने धरायला त्यांना खोबण्या केलेल्या, ज्याने कुणी हे कोरलं त्याला सलाम. चढताना माणूस आपोआप कातळाला चिकटून, खोबणीत बोटं घालून जातो. उतरताना मात्र निम्मी पोरं तोंड दरीकडे करून, टाचा टेकवत खाली येतात. मग पाठीवरची सॅक मागच्या पायरीला लागते आणि माणसाला पुढे ढकलते, म्हणजे ज्या बाजूला जायचं नाही त्याच बाजूला. तोंड कातळाकडेच पाहिजे, माळ्यावरून शिडीने उतरतो तसं. दोन हात दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, चौथा हलवायचा, पाय पूर्ण टेकला याची खात्री झाली की मगच पुढचा. मोबाईल खिशात नाही, सॅकमध्ये. आणि जिना एकच आहे, वरचे उतरत असताना खालच्यांनी चढायचं नाही, त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक माणूस शिट्टी घेऊन उभा पाहिजे. रविवारी तिथे जी कोंडी होते ती बघितलीत तर पंचवटीतला ट्रॅफिक बरा म्हणाल.

त्यात आपलं नाशिक म्हणजे मिसळ. पहाटे पाचला निघायचं ठरतं, मग कुणाची तरी वाट बघायची, मग मिसळ, मग 'अजून एक पाव आण रे', पायथ्याला पोचेपर्यंत साडेनऊ-दहा. ट्रेक तिथेच बिघडलेला असतो हो, कारण तेवढाच उशीर संध्याकाळी कड्यावर भरून निघतो. परत फिरायची वेळ घरून ठरवून निघावं, ती वेळ झाली की माथा शंभर फुटांवर असला तरी मागे वळायचं. मिसळ येताना खा, जास्त गोड लागते.

आता जिथे दोर लागतो तिथलं सांगतो. अलंग-मदन या गडांच्या वाटेवरच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या असं सांगतात, त्यामुळे तिथे प्रस्तरारोहण आणि येताना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, आलंच. टोकियो ऑलिंपिकपासून क्लाइंबिंग हा ऑलिंपिकचा खेळ झालाय, शहरातली पोरं कृत्रिम भिंतीवर शिकतायत, चांगलंच आहे. पण भिंतीवर बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला ठोकलेले लोखंडी खिळे, तपासलेले असतात आणि बोल्डरिंगला, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढताना, खाली जाड मॅट असते. आपला बेसाल्ट थरांचा, मधे मधे लाल, भुसभुशीत थर, हाताशी आलेलं गवत मुळासकट निघतं. धरायच्या आधी दगड मुठीने ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला तर त्याच्यावर भार नाही. जुन्या बोल्टांचंही तसंच, किती पावसाळे खाल्लेत कुणाला माहीत, एकाच बोल्टावर अख्खी बॅच लटकवणारा लीडर दिसला तर सरळ घरी या. अँकर, म्हणजे दोर जिथे बांधतात ते आधार, कमीत कमी दोन, एकमेकांपासून वेगळे, एक सुटला तरी दुसऱ्याने धरलं पाहिजे.

दोरातही फरक असतो. चढताना जो दोर बांधतात तो डायनॅमिक, पडल्यावर ताणला जातो आणि झटका पोटात घेतो. स्टॅटिक ताणत नाही, म्हणून उतरायला आणि रेस्क्यूला बरा, पण तो बांधून लीड केलं, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढलात, आणि पडलात तर सगळा झटका अंगावर. आणि हार्डवेअरच्या दुकानातला ताडपत्री बांधायचा पिवळा दोर यातला कुठलाच नाही. हे लिहायची वेळ यावी हेच नवल, पण तो दोर मी कड्यावर बघितलाय, त्याला धरून लोक उतरतानाही बघितलेत.

रॅपलिंगला उभं राहायच्या आधी जोडीदाराने तुम्हाला हात लावून तपासायचं: हार्नेसचं (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचं) बक्कल, कॅराबिनरचा (अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरवून बंद, डिसेंडरमध्ये (दोरावरून हळूहळू उतरवणाऱ्या साधनात) दोर नीट घातलेला, हेल्मेटचा पट्टा. ओढणी, मोकळे केस, लोंबणारा टीशर्ट आत खोचा, डिसेंडरमध्ये केस अडकले की मधेच लटकून राहावं लागतं आणि वरून कुणाला काही करता येत नाही. स्वतःची स्लिंग, म्हणजे अँकरला अडकवलेला पट्टा, अँकरमधून काढायच्या आधी दोरावर पूर्ण वजन टाकून बघा, ती शेवटी काढायची. दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच, दोर जमिनीपर्यंत पोचलाय हे वरून नुसतं वाटतं, आणि गाठ नसेल तर माणूस टोकातून सरळ निसटतो. प्रुसिकची, म्हणजे मुख्य दोरावर बारीक दोरीने मारायची आवळणारी, गाठ मारा, ब्रेकचा म्हणजे दोर आवरणारा हात सुटला तरी ती धरते. दोर जिथे कड्याच्या धारेवरून जातो तिथे खाली जाड कापड किंवा सॅक, बेसाल्टची धार दोर कापते. दगड सुटला तर 'दगड' म्हणून ओरडायचं आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. आग्यामोहोळ असलेल्या कड्याजवळ सिगरेट नाही, धूर नाही, परफ्युम नाही, आरडाओरडा तर नाहीच.

यातलं काहीही पेपर वाचून येणार नाही हे मलाही कळतं. नाशिकमध्ये गिर्यारोहण शिकवणारी जुनी जाणती माणसं आहेत, त्यांच्याकडे जा, जमलं तर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीला बेसिक कोर्स करा. इन्स्टावरच्या आयोजकाला पैसे भरायच्या आधी मात्र थोडं विचारा. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटन धोरण आणलंय, आयोजकांनी नोंदणी करायची असते. मी एकाला फोनवर नोंदणीचं आणि दोराचं विचारलं तर उत्तर आलं, "काका, हरिहरला दोर कशाला, लहान लहान पोरं जातात." पुढे लीडर किती, बॅचमध्ये माणसं किती हे विचारलं तर फोनच ठेवला.

बंदीने काय होतं, तर नोंदणी करून, हेल्मेट घेऊन जाणारे घरी बसतात आणि बाकीचे मागच्या वाटेने जातातच. त्यापेक्षा ज्या गावात प्रवेश फी घेतात तिथे त्या पैशातून एक स्ट्रेचर, एक चांगला स्टॅटिक दोर, दोन-चार हार्नेस आणि टॉर्च ठेवा, आणि गावातल्या पोरांना रीतसर ट्रेनिंग द्या. 112 किंवा 108 ला फोन लावायचाच, पण निरगुडपाडा, हर्षेवाडी, आंबेवाडी या गडांच्या पायथ्याच्या गावांतली माणसं सगळ्यांच्या आधी पोचतात, रात्री, पावसात, झोळी करून जखमीला खाली आणतात आणि बातमीत त्यांचा उल्लेख 'स्थानिकांच्या मदतीने' एवढाच. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाकडे फार थोडी मिनिटं असतात साहेब, शहरातून गाडी येईपर्यंत ती संपलेली असतात.

आणि एक विनंती तुमच्या बातमीदारांना. अपघाताची बातमी देताना एवढं विचारून लिहा: चढताना की उतरताना, किती वाजता, हेल्मेट होतं का, दोर होता का, असला तर कुठला, आयोजकाची नोंदणी होती का. तरुण 'पाय घसरून पडला' यातून पुढच्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आपला,
एक जुना ट्रेकर
इंदिरानगर, नाशिक